रुखमाचं तोंड उघडणारच

सानगडी,
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९८१

श्रीमान व्याहीबुवा भैय्यालालजी, मुक्काम पवनी, यांना सानगडीच्या तुलारामचा ताठ उभ्यानं रामराम. (दरवेळी वाकून लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमचं परवाचं पत्र वाचल्यापासून कंबर वाकायला तयार नाही. तिची समजूत घालणं सुरू आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? मोहाच्या बियांचं तेल पाठवलं होतं ते चोळलं, की पाहुण्यांना दाखवायला फळीवर ठेवलं? विहीणबाई गीताबाईंना माझा नमस्कार सांगा. हा मात्र वाकून, कारण त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही. थंडी पडू लागली आहे, त्यांना पहाटे अंगणात बसू देऊ नका. मागांची खटखट जोरात सुरू असेल, दिवाळीच्या लुगड्यांना गिऱ्हाईक चांगलं असेल, असू द्या, आम्हाला आनंदच आहे. इकडे माझी मुलगी, म्हणजे तुमची सून कौशल्या, बाळंतपणातून उठून हिंडूफिरू लागली आहे. नवा नातू अंगानं भरला आहे. नाक तुमचं घेऊन आला आहे, पण त्यावरून आम्ही त्याच्यावर राग धरलेला नाही. आणि आता ज्या थोरल्या नातीवरून तुम्ही माझी चार पानं खरडपट्टी काढली, त्या रुखमाकडे वळतो.

तुमचा हुकूम असा, की पत्र मिळताच रुखमाला पहिल्या गाडीनं पवनीला पोचवावं. येताना तिच्या जबड्याला कापड घट्ट बांधलेलं असावं. तुमच्या ओळखीच्या वैद्यबुवांच्या सांगण्यावरून तिनं होळीपर्यंत तोंड उघडू नये, बोलू नये, काही चावू नये. आणि यापुढं तिनं सानगडीच्या शिवेत पाय ठेवू नये. माझं उत्तर एका शब्दाचं आहे : नाही. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो, पण आमच्या घरच्या कुंताबाई म्हणाल्या की व्याह्याला एका शब्दाचं पत्र धाडणं बरं दिसत नाही. म्हणून त्या शब्दाला शोभा यावी एवढे बाकीचे शब्द खाली जोडत आहे.

आधी जबडा मोडला कसा ते पाहू. तुम्ही लिहिता, 'तुमच्या गावानं माझ्या नातीचा जबडा मोडला.' माझ्या गावाला नावं ठेवण्याआधी एवढं सांगा, नंदी कोणी पाठवला? पोळ्याला बैल पुजायचे आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरांनी आपापले लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत मारुतीच्या पटांगणात न्यायचे, ही रीत पवनीतही आहे. ओढत न्यायचे. बसून जायचं नाही. वीतभर लाकडी नंदीवर कोणी बसू म्हटलं तरी बसता येत नाही, आणि म्हणूनच माझ्या आजाच्या काळापासून तान्ह्या पोळ्यात कोणाचं हाड मोडलेलं नाही. मागच्या वर्षी रुखमानं माझ्या हातचा बाभळीचा नंदी नेला आणि तिला बक्षीस मिळालं नाही. (नंदीचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा लांब होतं हे मी नाकारत नाही. खऱ्या बैलांचंही असतं.) ते तुमच्या मनाला लागलं. पवनीच्या भैय्यालालची नात, आणि तिचा नंदी असला? मग तुम्ही सुताराकडून सागवानाचा, रुखमाच्या कमरेइतका उंच, पितळी घुंगरांचा, चार चाकांचा नंदी करवला आणि एस.टी.च्या टपावर बांधून इकडे धाडला. तो उतरवायला स्टँडवरची चार माणसं लागली, आणि कंडक्टरनं मला विचारलं की बुवा, याचं तिकीट कोण काढणार. आता एवढ्या मोठ्या नंदीवर सात वर्षांची पोर बसणार नाही तर काय त्यावर तुम्ही बसणार होता?

तुम्ही म्हणाल, चाकांना ओंगण कोणी घातलं. विचारायची गरज नाही, मीच सांगतो, मी घातलं. नवी चाकं होती, करकर वाजत होती, आणि कास्तकाराच्या घरात चाक वाजलं की त्याला ओंगण घालतात. बैलगाडीच्या आसाला जे काळं वंगण लागतं ते नंदीच्या आसाला लागू नये असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे? तुमच्याकडे माग वाजला तर तुम्ही तेल घालत नाही काय? मी ते मन लावून घातलं. पुढच्या वर्षीही घालीन.

मारुतीचं पटांगण तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या उताराखाली आहे हे तुम्ही पाहिलेलं आहे. पोरं नंदी घेऊन पाळीवर रांगेत उभी होती. खाली सरपंच, बँडवाले, आयाबाया. रुखमानं जाहीर केलं की आपला नंदी सगळ्यांत मोठा आहे, त्याला दोरीनं ओढणं म्हणजे त्याचा अपमान, त्यावर बसूनच जायला पाहिजे. (हा मानापमानाचा किडा तिच्यात कोणाकडून आला, त्यात मी पडत नाही.) ती बसली. ढकललं कोणी नाही, ही मारुतीच्या शपथेवर सांगण्याची गोष्ट आहे. उतार होता, ओंगण होतं, आणि वर तुमच्या सागवानाचं वजन होतं. नंदी निघाला तो इतर पोरांचे नंदी आडवे पाडत, बँडवाल्याच्या ढोलाला चाटून, थेट मारुतीच्या पायरीला भिडून थांबला. रुखमा थांबली नाही. तिची हनुवटी नंदीच्या वशिंडावर आपटली. नंदीला ओरखडासुद्धा नाही. पहिलं बक्षीसही सरपंचांनी त्यालाच दिलं, ही गोष्ट तुमच्या चार पानांत एका ओळीनंही आलेली नाही.

हनुवटी फुटली, रक्त आलं आणि आम्ही सगळे हनुवटीकडेच पाहत बसलो. हळद दाबली, पट्टी बांधली, रक्त थांबलं. पोर पट्टी बांधूनच बोजारा मागायला गेली, म्हणजे घरोघर नंदी दाखवून खाऊ गोळा करून आली, आणि आपलं काम झालं असं आम्हाला वाटलं. संध्याकाळी कुंताबाईंनी तिच्यापुढं वडा ठेवला तो तसाच राहिला. रुखमापुढं ठेवलेला वडा तसाच राहिलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? कुंताबाईंनी तिचं तोंड दिव्यापुढं धरलं आणि मला हाक मारली, "अहो, इकडं या जरा. पोरीचे दात दाताले लागून नाही राहिले." पाहतो तर खरंच, तोंड उघडताना खालचा जबडा डावीकडे सरकत होता आणि कानापुढं सूज आली होती. (तुम्ही लिहिता की आम्ही हे दडवून ठेवलं. एक रात्र, व्याहीबुवा. आणि त्या रात्री या घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.)

सकाळी गोमाजीला बोलावलं. गोमाजी हाडं बसवतो, बैलाचा पाय असो की माणसाचा खांदा, आणि त्याच्यावर तुम्ही पत्रात जी अर्धं पान आग पाखडली आहे ती तुम्ही परत घेतलेली बरी. तो बिचारा पाहून सरळ म्हणाला, "हे बैलात होत नसते बुवा. मी बांधून देतो, पन नागपूरले नेजा." त्यानं माझं धुतलेलं धोतर फाडलं, पोरीच्या हनुवटीखालून पट्टा घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. तिचं दुखणं कमी झालं आणि ओसरीतल्या खाटेवर तिला झोप लागली. आता चित्र कसं झालं पाहा. पोर आडवी, डोळे मिटलेले, जबड्याला पांढरं कापड, उशाशी कुंताबाई कपाळाला हात लावून बसलेल्या. मेलेल्या माणसाचा जबडा असाच बांधतात हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. ताक मागायला आलेल्या शेजारच्या ललिताबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी दारातूनच जो हंबरडा फोडला त्यानं रुखमा दचकून उठून बसली, पण ललिताबाई तोवर गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. त्या बातमी घेऊन पुढं, आणि मी दुरुस्ती घेऊन मागं. स्टँडवर सकाळची गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरनं बातमी अड्याळला उतरवली, आणि अड्याळहून ती तुमच्या पेठेत माझ्या आजवरच्या कोणत्याही पत्रापेक्षा लवकर पोचली.

तुम्ही अख्खी पेठ ट्रकमध्ये घालून आलात. बायका स्टँडपासून रडत होत्या, आमच्या गावच्या बायका त्यांना रडताना पाहून रडू लागल्या (ज्यांनी रुखमाला तासाभरापूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यासुद्धा), आणि हा सगळा आकांत आमच्या दाराशी येतो तर रुखमा खाटेवर बसून पपईच्या पानाच्या पोकळ देठानं भाताची पेज ओढत होती. रडणं मधेच तुटलं. पुढं काय करावं हे न सुचून काही बायांनी थोडं आणखी रडून घेतलं. त्या सगळ्या गर्दीत फक्त तुमचे डोळे कोरडे होते, हे मी मान्य करतो. तुम्ही रडला नाहीत, मला शिवी दिली नाहीत. नातीची हनुवटी एका बोटानं वर केली, पाहिलं, आणि विचारलं, "नागपूरले गाडी कोनती जाते?" (मी त्याआधीच जायचं ठरवलं होतं. माझा धुतलेला सदरा दोरीवर वाळत होता, विहीणबाईंनी तो पाहिलेला आहे.) ट्रक आयताच दारात होता, तो लाखनीवरून तसाच नागपूरला नेला. रडायला आलेल्या बायांपैकी दोघी, नागपूर पाहायचं राहिलं आहे म्हणून, ट्रकमधून उतरल्याच नाहीत.

आता मुद्द्याचं ऐका. नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात आपण दोघंही डॉक्टरीणबाईंपुढं उभे होतो, पण तुम्ही अर्धंच ऐकलं, आणि आपलं सगळं भांडण त्या न ऐकलेल्या अर्ध्याचं आहे. त्यांनी फोटो काढून दाखवलं की हनुवटीचं हाड शाबूत आहे, मोडलं आहे ते डाव्या कानापुढं, जिथं जबडा डोक्याला सांधलेला असतो तिथं. पोरं हनुवटीवर पडली की मार खाली बसतो आणि हाड वर मोडतं. बांबूची कामटी दोन्ही टोकांनी धरून मधे दाबली की ती भलत्याच ठिकाणी तडकते, तसं ते आहे. घरची माणसं हनुवटीला हळद लावून मोकळी होतात आणि मोडलेलं तसंच राहून जातं, हे त्या रोज पाहतात म्हणाल्या. त्यांच्या वॉर्डात एक पोर चिंचेवरून पडलेलं होतं, एक बापाच्या सायकलच्या दांडीवरून, एकाला गोऱ्ह्यानं लाथ मारली होती. नंदीवरून मोडलेलं हे त्यांचं पहिलंच. मी नंदीचा आकार हातानं दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, एवढा मोठा कोणी दिला? मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हा माझा मोठेपणा तुमच्या ध्यानात आला नसेल म्हणून लिहून ठेवतो.

मग त्या म्हणाल्या, लेकराचं हाड ओलं असतं, पटकन जुळतं. वरचे आणि खालचे दात बारीक तारेनं एकमेकांना बांधून थोडे दिवस तोंड बंद ठेवू. हे ऐकताच तुम्ही "तोंड बंद, समजलं" म्हणालात आणि ट्रकवाला घाई करतो म्हणून बाहेर निघून गेलात. उरलेलं अर्धं मी ऐकलं. त्या म्हणाल्या, आजोबा, लेकराचं हाड जसं पटकन जुळतं तसंच ते पटकन गोठतं. जास्त दिवस बंद ठेवलं तर मोडलेलं हाड आणि सांधा एकजीव होऊन बसेल. मग तोंड जन्मभर उघडणार नाही, धड घास जाणार नाही, आणि वय वाढेल तशी हनुवटी एका बाजूनं खुरटत जाईल. म्हणून तार निघाली की त्याच दिवसापासून तोंड उघडायला लावायचं. दातांच्या मधे चपट्या लाकडी काड्या घालायच्या, एकीवर एक, थोड्या थोड्या वाढवत, तिची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात मावतील तोवर. मी भ्यालो, व्याहीबुवा. पुरात बैल वाहून गेला तेव्हा भ्यालो नव्हतो तेवढा त्यांच्यापुढं उभ्या उभ्या भ्यालो. ती भीती अजून गेलेली नाही, आणि तुमच्या 'होळीपर्यंत बांधून ठेवा' या ओळीनं ती दुप्पट झाली आहे. तुमचे वैद्यबुवा मोठे असतील, पण त्यांनी रुखमाचा फोटो पाहिलेला नाही.

तारेचे दिवस कसे गेले हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तुम्हाला वाटलं असेल, घर शांत झालं असेल. रुखमा दात मिटून बोलू लागली. आधी आम्हाला काही समजेना, मग समजू लागलं, मग आम्हीही न कळत दात मिटूनच बोलू लागलो, आणि बाजारात माणसं मला विचारू लागली की तुलाराम, एवढा कशाचा राग आला आहे. उलटी झाली तर ताबडतोब तार कापायची होती, म्हणून छोटी पक्कड दोऱ्यात ओवून कुंताबाईंनी गळ्यात घातली होती. भजनाला आलेल्या एका बाईनं तो नवा दागिना समजून कोणत्या सोनाराकडचा म्हणून चौकशी केली. खायला पेज, दूध, वरणाचं पाणी, आंबील. एक दिवस पोर भज्यांसाठी दात मिटून अशी रडली, की कुंताबाईंनी भजी पाट्यावर वाटून ताकात कालवून दिली. मी ती चाखून पाहिली. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. रुखमानं मात्र देठ आणखी जाड आणा म्हणून सांगितलं.

तार निघाली तेव्हा तोंडात एक बोट मावेना. काड्या सुरू झाल्या, आणि सोबत मी माझं औषध सुरू केलं. त्याचीही चुगली तुमच्यापर्यंत पोचलेली दिसते, की तुलाराम आमच्या नातीला पाखरं हाकलायला बसवतो, पवनीच्या भैय्यालालची नात मजुरासारखी मचाणावर ओरडते. होय, बसवतो. लवकर येणारं हलकं धान पिकलं आहे, पोपटांचे थवे उतरतात, आणि पाखरू ओठ मिटून हाकलता येत नाही. त्याला तोंडभर 'हा' म्हणावं लागतं. मी तिच्या शेजारीच बसलेला असतो. पहिल्या दिवशी तिच्या आवाजानं एक चिमणीसुद्धा उठली नाही. आता तिनं हाक दिली की थवा तलावापार जातो आणि पाळीवरचे सायकलवाले उतरून पाहतात. शेजारच्या धानाच्या बांधीचा मालक तक्रार घेऊन आला की तुमची पाखरं माझ्या धानावर येऊन बसतात. मी त्याला सांगितलं, तू तुझी नात आण. डॉक्टरीणबाईंना मी हे विचारून घेतलं आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ओरडू द्या, गाऊ द्या, चावू द्या. म्हणून सध्या मुरमुरे झाले, भाकरीचा पापुद्रा झाला, आणि आता तलावावरचे उकडलेले शिंगाडे सुरू आहेत. तिला मजुरी म्हणून दिवसातून चार जास्त देतो.

राहिली ती तुमची शेवटची ओळ. तुम्ही लिहिलं आहे, की पोरीच्या जातीनं थोडं कमी बोललेलं बरं असतं. ती ओळ कौशल्यानं वाचली, कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. मला खरा राग आला तो तिथं. नंदीचं ऐकून घेतलं, ओंगणाचं ऐकून घेतलं, गोमाजीचंही ऐकून घेतलं, हे ऐकून घेणार नाही. रुखमानं बोललेलं मला हवं आहे. तिनं शाळेत गुरुजींना उलटून विचारावं, बाजारात भाव करताना सगळ्या रांगेला ऐकू जावं, आणि उद्या सासरी गेली तर तिथल्या माणसांना पहिल्याच दिवशी कळावं की ही पोर गप्प बसणाऱ्यांतली नाही. या पोरीचं तोंड बंद करायला काही तरी कारण लोक शोधतीलच, तिच्या दोन आजोबांनी तरी ते शोधू नये. आणि तुम्ही काहीही लिहा, मुकी नात तुम्हालाही नको आहे. माग थांबवून, कारागिरांना गोळा करून तुम्ही तिच्याकडून गाणी म्हणवून घेता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा रुखमा पहिल्या गाडीनं येणार नाही, दुसऱ्याही नाही, आणि जबडा बांधून तर कोणत्याच गाडीनं येणार नाही. तीन बोटं मावली की मी स्वतः तिला घेऊन येईन. तोवर तुम्ही पंचायत बसवा, जावईबापूंना पाठवा, दिवाळीचा फराळ बंद करा, आम्ही हटत नाही. विहीणबाईंना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आशीर्वाद.

तुमचा, मुलीकडचा म्हणून मानानं लहान पण हट्टानं तुमच्याहून मोठा,
तुलाराम

ता. क. कुंताबाईंनी पत्र वाचून घेतलं. त्यांचं म्हणणं, नाकाचं वाक्य खोडा. शाई वाळली आहे, आता खोडलं तर तुम्हाला त्याखाली आणखी वाईट काही आहे असं वाटेल. म्हणून ते तसंच ठेवतो.

ता. क. दुसरा. वर ओरडण्याचं जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण एक गोष्ट लिहायची राहिली. तोंड दोन बोटांवर येऊन थांबलं आहे. ओरडून जेवढं उघडायचं तेवढं उघडलं, यापुढचं काम काड्यांचं आहे, आणि ते होत नाही. एक काडी वाढवली की पोरीचे डोळे भरतात. ती ओरडत नाही, रडत नाही, नुसतं माझं मनगट धरते आणि म्हणते, "आजा, आज नको ना." आणि मी काडी काढून घेतो. कुंताबाईंना द्यावी तर त्या चुलीवर काही तरी आहे म्हणून आत जातात, आणि चुलीवर काही नसतं. कौशल्या बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करते. रोज आम्ही तिघं उद्या म्हणतो. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आजोबा, दोन बोटांवर सोडलं तर ते दोनाचं एक होईल, मन घट्ट करा, दिवाळीनंतर उशीर होईल. मन घट्ट करून पाहिलं, व्याहीबुवा. होत नाही. पाखरांवर मी ओरडू शकतो, तुमच्यावर तर चार पानं ओरडू शकतो, या पोरीच्या तोंडात एक काडी जास्त घालू शकत नाही. त्या दिवशी दोन गावं रडत असताना तुमचे डोळे कोरडे होते, ते मला सारखं आठवतं. आपल्या दोन्ही घरांत तेवढा कठोर माणूस दुसरा नाही. म्हणून विनंती अशी, की मागांचं काम चार दिवस कारागिरांवर सोपवून तुम्ही इकडे या, आणि दिवाळीपर्यंत राहा. कंबर आता वाकते आहे, वाकूनच लिहितो. काड्या तुम्ही घाला. मी त्या वेळी मचाणावर जाऊन बसेन.

ता. क. तिसरा. रुखमानं आत्ताच विचारलं की कोणाला एवढं लिहिता. मी सांगितलं, पवनीचे आबाजी येणार आहेत, ते काही तुझं ऐकणार नाहीत. ती दोन बोटांत मावेल तेवढं हसली आणि म्हणाली, तिचे कान टोचायला सोनार आला तेव्हा आबाजी मागाच्या खड्ड्यात उतरून डोक्यावर लुगडं ओढून बसले होते, सोनार जाईपर्यंत वर आलेच नाहीत, आणि कान पवनीच्या आजीनंच धरले होते. हे खरं असेल तर तुम्ही पवनीतच राहा, आणि विहीणबाईंना पहिल्या गाडीनं बसवून द्या.